चांदणी मॅडम

माझ्या साखरपुड्याचे फोटो मी फेसबुकवर टाकले, तेव्हा त्याखाली आलेली पहिली प्रतिक्रिया अभिनंदनाची नव्हती. मी वर हौसेनं लिहिलं होतं, 'आमचा साखरपूडा'. काही मिनिटांत खाली एक चांदणी उमटली आणि चांदणीला लागून एकच शब्द : *साखरपुडा. मग थोड्या वेळानं दुसरी ओळ आली, 'अभिनंदन. मुलगा समंजस दिसतो.' होणाऱ्या नवऱ्यानं फोन करून विचारलं, "ह्या बाई कोण?" मी म्हटलं, "माझ्या टायपिंगच्या मॅडम. यापुढे तुम्हीपण जरा जपून लिहीत जा."

आर्णीत त्यांना सगळे चांदणी मॅडमच म्हणत. चुकलेला शब्द दिसला की त्यापुढे चांदणी काढून दुरुस्त शब्द लिहायची मोबाइलवरची रीत त्यांनी कुठूनशी उचलली होती आणि ती त्यांच्या बोटांना अशी लागली की नावच पडलं. ग्रुपवर कुणी 'हार्दीक शुभेच्छा' लिहिलं, की हार पोचायच्या आधी *हार्दिक पोचायचं. 'भावपूर्न श्रद्धांजली' लिहिणाऱ्यालाही त्या सोडत नसत. एकदा एका कार्यकर्त्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स बसस्टँडसमोर लागलं, त्यावर 'शुभेच्छूक' होतं. मॅडमनी फ्लेक्स छापणाऱ्याला दुकानात जाऊन सांगितलं, "एवढी मोठी चूक लोकांनी मान वर करून का वाचायची?" पुढच्या वर्षी त्याच कार्यकर्त्यानं मजकूर आधी मॅडमकडे पाठवला. त्यांनी तो तपासून दिला आणि खाली लिहिलं, 'तेवीस शुभेच्छुकांपैकी चार नावं चुकली आहेत. त्यांना आधी विचारा, ते आपलं नाव कसं लिहितात.'

त्यांचा क्लास बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होता. पुढच्या खोलीत यंत्रं, मागच्या खोलीत त्या स्वतः. यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेलेले, मूलबाळ नव्हतं, एक भाऊ नागपूरला. खेड्यापाड्यांतून एसटीनं येणारी आम्ही पोरं-पोरी त्या ठकठक आवाजात तासभर बसायचो आणि मॅडम आमच्या पाठीमागून फिरायच्या. "बोटांकडं पाहू नको, कागदाकडं पाहा," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, "वेलांटी म्हणजे दागिना नाही, हाड आहे. इकडचं तिकडं झालं की माणूस लंगडतो." पुढे टंकयंत्रं गेली, संगणक आले, मॅडमनी पन्नाशी ओलांडल्यावर नवा कळफलक शिकून घेतला. या तालुक्यातल्या कुठल्याही कचेरीत जा, टेबलामागे बसलेला कुणीतरी त्यांच्या हाताखालून गेलेला असायचाच. मी पंचायत समितीत लागले ती त्यांच्याच जिवावर.

त्या इतक्या कडक का, हे मी एकदा दुपारी चहा पिताना विचारलं होतं. त्यांनी बशी पुसून ठेवली, मग म्हणाल्या, लग्नाआधी मारेगावकडे एका कार्यालयात त्या रोजंदारीवर टायपिस्ट होत्या. एका म्हाताऱ्याचा दाखला त्यांनी टाइप केला. त्याचं नाव किसन, त्यांच्या हातून झालं किशन. त्या एका अक्षरापायी त्याचे सगळे कागद एकमेकांशी जुळेनासे झाले. तो चालत यायचा, दारात उभा राहायचा आणि येताना दुपट्ट्यात बोरं बांधून आणायचा. "मी त्याला म्हटलं, बाबा, माझ्याच हातून चुकलं. तर तोच मला म्हणे, होते बाई असं, तू कायले मनाले लावून घेतं. अन् बोरं माझ्या टेबलावर ओतायचा. रागावला असता तर बरं झालं असतं." त्याचं काम झालं की नाही, ते मी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून विचारवलं नाही.

त्यामुळे मॅडमच्या चांदण्यांचा मला कधी राग आला नाही. त्यांना कुणाला खाली पाहायला लावायचं नव्हतं. नोकरीचा अर्ज, लग्नाची पत्रिका, सोसायटीला द्यायचं निवेदन, जो येईल त्याचं त्या फुकट तपासून देत. पण समोर बसून पेन्सिलीनं केलेली खूण आणि चारशे लोकांच्या डोळ्यांदेखत ठेवलेली चांदणी यांत फरक आहे. तो त्यांच्या लक्षात आला नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ती एक करमणूकच होऊन बसली होती.

गावाचा एक माहितीचा ग्रुप होता. वीज कधी जाणार, कापसाला काय भाव निघाला, कुणाची म्हैस हरवली, असं सगळं त्यावर यायचं. मी त्या ग्रुपची एक अ‍ॅडमिन. लोक दिवसभर भजनांचे आणि भाषणांचे ऑडिओ टाकायचे म्हणून आम्ही नियम केला होता, इथं बोलून पाठवायचं नाही, लिहायचं. त्या ग्रुपवर पावसाळ्यात सगळ्यात कामाची बाई कोण असेल तर ती पुष्पाताई.

आर्णीहून एक रस्ता काही खेड्यांकडे जातो, त्यावर एका नाल्यावर रपटा आहे, म्हणजे बुटका, बिनकठड्याचा पूल. वरच्या अंगाला पाऊस झाला की इथं ऊन असलं तरी रपट्यावरून पाणी वाहायला लागतं. रपट्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आणि अगदी काठावर पुष्पाताईचं चहा-किराण्याचं टपरीवजा दुकान. त्या रस्त्यानं रोज जाणारे शिक्षक, नर्सबाई, दूधवाले, सगळे तिच्या निरोपावर अवलंबून. ती सकाळी उठून नाल्याकडे बघायची आणि लिहायची, 'रस्ता चालू', नाहीतर 'येऊ नका'. तिच्या घरात बंजाऱ्यांची गोरबोली, शाळा चौथीपर्यंत. मराठी ती ऐकून शिकली आणि ऐकलं तसंच लिहायची. कुणी तिला हे काम सांगितलं नव्हतं. ती आपली करायची.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका सकाळी तिचा निरोप आला, 'रपट्यावरून पानी चालू झाल. कोनी येऊ नका.' त्याखाली लगेच चांदण्या आल्या : *पाणी *झालं *कोणी.

तेवढंच असतं तर विरून गेलं असतं. पण ग्रुपवर एक टारगट पोरगा होता, त्यानं लिहिलं, 'पाण्याचं शुद्धीकरण सुरू आहे. सौजन्य : चांदणी मॅडम.' झालं. हसऱ्या तोंडांची रांग लागली. कुणी लिहिलं, 'पानी पिऊ नका, पाणी प्या.' कुणी लिहिलं, 'शुद्ध पाण्याचा पूर अधिक सुरक्षित असतो का?' मीही ऑफिसात बसल्या बसल्या एक हसरं तोंड टाकलं. दुपारपर्यंत ते चाललं. संध्याकाळी एक बारीक करड्या अक्षरांतली ओळ दिसली, पुष्पा यांनी ग्रुप सोडला. त्याखाली लगेच कुणीतरी सोयाबीनचा भाव टाकला आणि ती ओळ वर सरकून गेली.

पुढचे काही दिवस पाऊस नव्हता. कुणाला तिची आठवण आली नाही.

मग एका सकाळी आर्णीत लख्ख ऊन होतं. गजानन सर नावाचे एक तरुण शिक्षक, तेही मॅडमच्याच क्लासचे, मोटरसायकलनं शाळेला निघाले. रपट्यावरून पाणी वाहत होतं, पण गढूळ पाण्याखाली किती खोल आहे ते कळत नव्हतं. त्यांना वाटलं, निघून जाऊ. मधोमध गाडी घसरली आणि ते गाडीसकट खाली गेले. पुष्पाताईनं पाहिलं, ती ओरडत तांड्याकडे धावली, तिचा नवरा आणि आणखी दोघे दोर घेऊन आले. सर बाभळीला धरून होते. त्यांना ओढून काढलं तेव्हा एक पाय मांडीत मोडलेला होता. गाडी दोन दिवसांनी खालच्या शेतात सापडली.

त्यांना यवतमाळला दवाखान्यात ठेवलं होतं. मॅडम म्हणाल्या, "माधुरी, आपण जाऊन येऊ." मी सुट्टी टाकली, आम्ही एसटीनं गेलो. सर उशीला टेकून बसले होते, पाय वर बांधलेला. मॅडमला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांची बायको औषधं आणायला खाली गेली, तशा मॅडम खुर्ची ओढून बसल्या आणि पिशवीतलं मोसंबं काढून सोलायला लागल्या.

"पण तू पाण्यात घातलीच कशी गाडी?" त्यांनी विचारलं.

"ग्रुप पाहूनच निघालो होतो, मॅडम," सर म्हणाले. "पाणी असलं की पुष्पाताईचा मेसेज असतेच. काही नव्हता. म्हटलं, असन थोडंसं, मेसेज नाही म्हणजे रस्ता चालू हाये. त्या कुठं गावाले गेल्या होत्या काय?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा अंगठा मोसंब्याच्या सालीत तसाच रुतून राहिला होता. रस मनगटावरून खाली येत होता, त्यांना भान नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "घरीच होती."

"मंग विसरल्या असतीन," सर म्हणाले. "त्याईनंच वाचोलं मले. नाहीतर मी काही तुमाले दिसत नव्हतो."

मॅडमनी फोडी बशीत काढल्या, बशी त्यांच्या हातात दिली आणि उठल्या. निघताना सर कमरेतून वाकायला गेले, म्हणाले, "पाया पडू द्या, मॅडम. तुमी एवढ्या दुरून आल्या." मॅडम मागे सरकल्या, जवळजवळ धडपडल्याच. जिन्यात त्यांनी माझा दंड धरला. क्लासात आणि ग्रुपवर त्या नेहमी छापील मराठी बोलत. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून त्यांच्या माहेरची बोली ऐकली.

"माधुरी, मले खाली ने. मले पायऱ्या दिसून नाही राह्यल्या."

एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, हसलो आम्ही सगळे होतो." त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तुम्ही हसलात ते माझ्यावर हसलात. तिला मी सांगितलं, तुझं चुकलं. ती नाल्याकडं पाहून राह्यली होती अन् मी तिच्या 'न'कडं."

दुसऱ्या रविवारी मी त्यांना स्कूटीवर बसवून रपट्यापलीकडे नेलं. पाणी उतरलेलं होतं. पुष्पाताई टपरीत बसून डाळीची पुडकी बांधत होती. चाळिशीची, काटक बाई. तिनं आम्हाला ओळखलं, बसायला बाकडं पुसून दिलं आणि स्टोव्ह पेटवला. मॅडमना कुठून सुरुवात करावी ते सुचेना. आयुष्यभर दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त करणारी बाई, पण तोंडातून एक वाक्य धड निघेना.

"पुष्पा, त्या दिवशी मी ग्रुपवर…"

"तुमी काही खोटं नाही लिहिलं, मॅडम," पुष्पाताई म्हणाली. चहात साखर टाकत होती, वर पाहिलं नाही. "मायं चुकतेच. मले मालूम हाये. पण त्या दिवशी पानी दुकानात शिरलं होतं. पोत्यावर पोती चढवून, एका हातानं लिहिलं होतं मी. मंग मोबाइल वाजला. मले वाटलं, कोनी इचारून राह्यलं, तुमी बऱ्या हा काय. पाह्यलं तं ते होतं."

मॅडम खाली मान घालून बसल्या.

"तेबी जाऊ द्या. माया पोरीच्या मोबाइलमध्ये तो ग्रुप हाये. ती दहावीत हाये. तिनं सगळं वाचलं, लोकं काय काय लिहितेत ते. मले म्हणे, याडी, तू नको लिहीत जाऊ, माया मैत्रिणी हासतेत." याडी म्हणजे आई. "मंग मी निंगाली."

"माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या. "तू परत ये ग्रुपवर. मी तिथं सगळ्यांसमोर लिहीन."

"नाही येत," पुष्पाताई शांतपणे म्हणाली. "तुमी लिहा, तुमाले लिहाचं असन तं. मी नाही येत." आणि आमच्या हातात चहाचे ग्लास दिले. चहा चांगला होता. आम्ही तो पिऊन निघालो. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मॅडमनी ते म्हणवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं. मी ते अजून जपून ठेवलं आहे. 'पुष्पाताई रोज आपल्या सगळ्यांच्या जिवाची काळजी करून निरोप देत होत्या. मी त्यांचे शब्द दुरुस्त करून त्यांना गप्प केलं. त्या गप्प झाल्या म्हणून एका माणसाचा पाय मोडला. ही चूक माझी आहे.' चांगल्या भाषणाला मिळावेत तसे त्याला जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं मिळाली. एकानं लिहिलं, 'मॅडम, तुमचे विचार फार थोर.' त्या टारगट पोरानं लिहिलं, 'मॅडम, तुमच्या माफीत एकही चूक नाही सापडली.' गजानन सरांचा मोबाइल पाण्यात गेलेला होता. नवा घेतल्यावर त्यांना ग्रुपमध्ये पुन्हा घेतलं तेव्हा आधीचं काही त्यांना दिसलं नाही. कुणी मुद्दाम जाऊन सांगितलंही नाही. मॅडमची माफी ज्याच्यासाठी होती, त्याच्यापर्यंत ती कधी पोचलीच नाही.

नंतर मॅडमनी एक काम लावून घेतलं. आभाळ भरलं, की सकाळी उठून त्या पुष्पाताईला फोन करायच्या. पहिले काही दिवस ती दोनच शब्द बोलायची. "रस्ता चालू." नाहीतर, "नका येऊ." मॅडम ते ऐकून ग्रुपवर लिहायच्या. वर लिहायच्या, 'पुष्पाताई सांगतात', आणि खाली तिचं वाक्य, जसं ऐकलं तसं. 'रपट्यावर पानी हाये. कोनी येऊ नका.' मी एकदा त्यांच्याकडे गेले असताना त्या हे टाइप करत होत्या. एवढी वर्षं न पाहता लिहिणारी त्यांची बोटं त्या 'न'पाशी थांबली. त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, पानी.

मी म्हटलं, "मॅडम, शुद्ध लिहिलं तरी चालेल. तिनंही तुमचं खोटं आहे असं नाही म्हटलं."

"तिचं वाक्य आहे," त्या म्हणाल्या. "मी फक्त पोचवते."

चांदण्या बंद झाल्या. पोरं मुद्दाम चुका करून वाट पाहायची, 'मॅडम झोपल्या वाटते' म्हणायची. मॅडम काही लिहायच्या नाहीत. पण शुद्धलेखनावरचं त्यांचं प्रेम कमी झालं असं मला वाटत नाही. कुणाच्या घरी मृत्यू झाला आणि त्यानं चुकीचं काही लिहिलं, तर त्या आधी त्याच्या घरी जायच्या, बसायच्या, आणि महिन्याभरानं कधीतरी एकट्याला गाठून सांगायच्या, "तो शब्द असा लिहितात हो." माझ्या ऑफिसच्या पत्रात चूक असली तर फोन करून आधी विचारायच्या, "जेवलीस का?"

गजानन सरांकडे मात्र त्या दर आठवड्याला जायच्या. सर सहा महिने घरी होते. मॅडम त्यांना डबा करून न्यायच्या, त्यांच्या वर्गाचे पेपर तपासून द्यायच्या, व्यायामाला कंटाळले की रागवायच्या. सर पुन्हा शाळेत जायला लागले, पण पाय थोडा ओढत चालतात, आणि पावसाळी हवेत तो ठणकतो. मी एकदा मॅडमना विचारलं, "त्यांना सांगितलंत का?" त्या म्हणाल्या, "दर वेळी ठरवून जाते. तो दार उघडतो अन् म्हणतो, मॅडम, तुम्ही माझ्या आईसारख्या. मग माझ्यानं बोलवत नाही." पुढे म्हणाल्या, "त्याला माहीत असतं तर त्यानं माझ्या हातचं खाल्लं असतं का, हा प्रश्न मला रोज पोळ्या करताना पडतो."

गेल्या उन्हाळ्यात मॅडमच्या छातीत दुखायला लागलं. भावानं नागपूरला नेलं. फोनवर त्या ठीक वाटायच्या, आवाज जरा बारीक झाला होता. "पावसाच्या आधी येते," म्हणायच्या. मृगाचे दिवस आले, एकदा दुपारी भावाचा फोन आला आणि त्या गेल्याचं कळलं. तिकडेच सगळं झालं.

चार दिवसांनी सकाळी मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मी पुष्पा बोलतो, रपट्यावाली. मॅडमचा नंबर बंद हाये. इकडं आभाळ आलं, अन् त्याईचा फोन नाही आला. बऱ्या हायेत ना?"

तिला कुणी कळवलं नव्हतं. आम्हा कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. मी सांगितलं. पलीकडून पावसाचा टपरीच्या पत्र्यावरचा आवाज येत राहिला.

"दोन वर्स झाले," ती मग म्हणाली. "आधी पान्याचंच बोलाच्या. मंग पोरीचं इचाराच्या. तिले बारावीचं मराठी फोनवर शिकवलं त्याईनं, तुमाले मालूम नसन."

मला माहीत नव्हतं.

क्लासाच्या खोलीत आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी शोकसभा ठेवली. खोली भरली, लोक गल्लीत उभे राहिले. पुष्पाताई मुलीला घेऊन आली होती, मागे दाराशी बसली. एकेक जण बोलला. चांदण्यांचे किस्से निघाले, लोक हसले, डोळे पुसले. मग गजानन सर काठीचा आधार घेत उभे राहिले. म्हणाले, "माझा अपघात झाला तेव्हा माझे सख्खे नातेवाईक दोनदा आले. मॅडम दर आठवड्याला आल्या. माझ्याशी त्यांचं काय नातं होतं? काहीच नाही. काही देणंघेणं नसताना माणूस माणसासाठी एवढं करतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो." ते खाली बसले.

मी मान वर केली नाही. मला वाटलं, आता उठून सांगावं. मग वाटलं, मॅडमना जे दोन वर्षं जमलं नाही ते त्यांच्या फोटोसमोर मी कोणत्या तोंडानं सांगणार, आणि त्यात माझं हसरं तोंड कुठं ठेवणार. सभा संपली.

बाहेर पुष्पाताई ऑटोची वाट पाहत उभी होती. मुलगी पुढे पाणी आणायला गेली होती. मी तिच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, "ताई, सरांना सांगायला पाहिजे होतं का, मॅडमच्या मनात काय होतं ते?"

"मॅडमनं मलेबी इचारलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, नका सांगू."

"का?"

तिनं पदर डोक्यावरून सारखा केला. रस्त्यापलीकडे गजानन सर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसत होते, दुखरा पाय हातानं उचलून ठेवत होते. ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"मॅडम म्हणाच्या, माया चुकीनं झालं. दर खेपेले म्हणाच्या. मी आयकून घ्याची. एकदाबी नाही म्हणू शकली त्याईले, का मॅडम, तुमी तं आर्णीत होत्या. तुमाले काय दिसत होतं? सर पडले त्या दिवशी मी सकाळी दार उघडलं, रपट्यावर पानी पाह्यलं, मोबाइल हातात घेतला अन् ठेवून देला. म्हटलं, जाऊ दे, कळन त्याईले." तिचा आवाज अगदी खाली गेला. "पानी मले दिसत होतं, माधुरीताई."

ऑटो आला. मुलगी पाणी घेऊन आली आणि आत बसली, मग ती बसली. ऑटो गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मी तिथंच उभी होते.